रंगीत प्रिंटचा नफा ड्रम खातोय का? आधी काउंटर बघा



झेरॉक्सचं दुकान टाकायचं म्हटलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. मशीन कितीला पडेल? आणि टोनर कितीला मिळतो? ड्रमबद्दल कोणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. बी.बी.ए.ला कॉस्टिंगचा पेपर दिलेला माणूस, तरीही नाही! आणि दुकानाच्या दुसऱ्या वर्षी, ऐन ॲडमिशनच्या सीझनमध्ये, माझ्या कलर मशीनचे तिन्ही रंगीत ड्रम एकाच महिन्यात गेले. मशीनच्या कर्जाचा हप्ता तोंडावर होता. तो हप्ता मी बायकोच्या भिशीच्या पैशातून भरला. हे सांगायला आजही बरं वाटत नाही, पण तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सांगतोय.

व्हिडिओत मी मशीन उघडून दाखवलंय. इथे हिशेब बघू.

ड्रम झिजतो कसा?

ड्रम म्हणजे ॲल्युमिनियमची नळी आणि तिच्यावर एक पातळ थर. हा थर अंधारात विजेचा भार धरून ठेवतो. लेझरचा प्रकाश जिथे पडतो तिथला भार उतरतो आणि तिथे टोनर चिकटतो. तो टोनर पुढे बेल्टवर आणि बेल्टवरून कागदावर जातो. मागे उरलेला टोनर एक रबरी ब्लेड खरवडून काढतं. म्हणजे ड्रमच्या प्रत्येक फेरीला ब्लेड त्या थरावर घासतं. थर झिजत जातो.

आता नीट लक्ष द्या. ड्रम कागदावर नाही, फेऱ्यांवर झिजतो. कंपनी सांगते ते पानांचं आयुष्य एका ठरावीक पद्धतीच्या वापरावर काढलेलं असतं. तुमच्या दुकानाचा वापर तसा नसतो. कलर मशीनमध्ये असे चार ड्रम असतात, एक काळा आणि तीन रंगीत.

माझे ड्रम कोणी खाल्ले?

आमचं दुकान कोर्टाच्या रस्त्यावर. वकीलसाहेबांचे कागद यायचे. मजकूर काळा, पण सही निळी, शिक्का जांभळा, एखादं जुनं पान पिवळं पडलेलं. मशीन ठेवलं होतं ऑटो कलरवर. मशीनला निळी सही दिसली की ते म्हणायचं, हे पान रंगीत! चारही ड्रम फिरायचे. गिऱ्हाईक मात्र साध्या झेरॉक्सचे दोन रुपये देऊन जायचं.

त्यात अजून एक गोम आहे. बऱ्याच मशीनमध्ये फक्त काळं काम चालू असताना बेल्ट रंगीत ड्रमपासून लांब सरकतो आणि ते ड्रम थांबून राहतात. पण चाळीस पानांच्या कामात मध्येच एक रंगीत पान आलं, की पुढची काळी पानंही रंगीत ड्रम फिरवतच निघू शकतात.

आता आकडे बघा. समजायला सोपे घेतलेत, तुमच्या मशीनचे तुम्ही घाला.

एक रंगीत ड्रम ९,००० रुपये. तिन्ही मिळून २७,०००. आयुष्य ६०,००० पानं धरलं तर पानामागे ४५ पैसे. काहीच नाही! पण ड्रम २५,००० पानांतच गेले तर? पानामागे १ रुपया ८ पैसे. आणि त्या २५,००० पैकी गिऱ्हाइकाने रंगीतचे पैसे दिलेली पानं फक्त ५,००० असतील तर? २७,००० भागिले ५,०००, म्हणजे ५ रुपये ४० पैसे. दहा रुपयांच्या रंगीत प्रिंटमधले निम्म्याहून जास्त नुसत्या ड्रममध्ये गेले. टोनर, कागद, लाईट बिल आणि भाडं अजून बाकीच आहे.

उपाय फुकट आहे. मशीनच्या पॅनेलवर डिफॉल्ट मोड ब्लॅक करा. दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या प्रिंट सेटिंगमध्येही तेच करा, कारण तिथून येणाऱ्या पीडीएफमध्ये एक निळी लिंक असली तरी मशीन फसतं. गिऱ्हाईक रंगीत म्हणालं तरच कलरचं बटण दाबायचं. कामावरच्या पोराला हे पहिल्याच दिवशी शिकवा.

सुटी सुटी कामं

प्रत्येक काम सुरू होताना आणि संपताना ड्रम काही फेऱ्या रिकामा फिरतो. पन्नास पानांचं एक काम आणि एकेका पानाची पन्नास कामं, ड्रमच्या दृष्टीने अजिबात सारखी नाहीत. गिऱ्हाईक पाच फोटो पाच वेळा पाठवत असेल तर सगळे येऊ द्या, मग एकदम प्रिंट द्या.

मशीन बंद करून परत चालू केलं की ते रंग जुळवून घेतं, तेव्हाही ड्रम फिरतात. दुपारी जेवायला जाताना बटण बंद करू नका, स्लीपवर ठेवा. वीज सारखी जात असेल तर मशीनला झेपेल असा यूपीएस लावा.

लाईन आली म्हणजे ड्रम गेला असं नाही

माझी दुसरी चूक. एकदा कॉपीवर उभी काळी रेघ यायला लागली. मी घाईघाईने काळा ड्रम मागवला, बसवला. रेघ तिथेच! शेवटी एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी मशीन उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, "शेठ, कॉम्प्युटरवरून एक प्रिंट द्या बघू." प्रिंट स्वच्छ. मग वरच्या फीडरजवळची काचेची बारीक पट्टी दाखवली. तिच्यावर व्हाइटनरचा एक ठिपका वाळलेला. नखाएवढा कपडा ओला करून पुसला आणि रेघ गेली. "चांगला ड्रम काढून ठेवलात की हो," एवढंच म्हणाले. तो ड्रम मी उघड्यावर, उजेडात ठेवला होता. तोही खराब झाला.

म्हणून ही तपासणी पाठच करा:

१. फीडरमधून कॉपी काढा, मोठ्या काचेवरून काढा आणि कॉम्प्युटरवरून प्रिंट द्या. फक्त फीडरमध्ये रेघ असेल तर काचेची पट्टी पुसा. ड्रमला हात लावू नका.

२. प्रिंटमध्येही रेघ असेल तर प्रत्येक रंगाचं पूर्ण भरलेलं टेस्ट पान काढा. दोष कुठल्या रंगात आहे ते कळेल. फिकी किंवा पांढरी उभी रेघ असेल तर आधी लेझरसमोरची काच साफ करून घ्या.

३. डाग ठरावीक अंतरावर परत परत येत असेल तर पट्टीने अंतर मोजा. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा घेर साधारण ९४ मिलिमीटर. तेवढ्या अंतरावर डाग येत असेल तर दोष ड्रममध्ये. १२ मिलिमीटरचा चार्ज रोलर असेल तर अंतर साधारण ३८ मिलिमीटर येईल. तुमच्या मशीनचे व्यास मेकॅनिककडून विचारून मशीनवरच चिकटवून ठेवा.

अख्खं युनिट की आतला माल?

ड्रम युनिट "संपलं" म्हणजे बहुतेक वेळा आतल्या तीन वस्तूंपैकी काहीतरी गेलेलं असतं. नळी, ब्लेड किंवा चार्ज रोलर. बऱ्याच मॉडेलचे हे पार्ट सुटे मिळतात आणि अख्ख्या युनिटपेक्षा बरेच स्वस्त पडतात. जाणकार मेकॅनिक ते बदलून देतो. नवीन ब्लेड कोरडं बसवलं तर पहिल्याच फेरीत उलटतं, म्हणून त्याला पावडर लावून बसवतात. युनिटला चिप असेल तर तीही बदलावी लागते. म्हणून जुनं युनिट भंगारात देऊ नका, त्याची बॉडी कामाची आहे.

आणखी एक युक्ती. काही मशीनमध्ये तिन्ही रंगीत ड्रम एकाच पार्ट नंबरचे असतात. एखाद्यावर बारीक ओरखडा असेल आणि चिप परवानगी देत असेल तर मेकॅनिकला विचारून तो पिवळ्याच्या जागी लावा. पिवळी रेघ पांढऱ्या कागदावर डोळ्याला जवळजवळ दिसत नाही.

पण मशीन वॉरंटीत असेल, किंवा पानामागे पैसे देऊन ड्रमसकट सगळं येणारा करार असेल, तर यातलं काही करू नका. ड्रम त्यांच्याकडूनच घ्या, त्याचे पैसे तुम्ही दर महिन्याला भरताय.

इथे मात्र काटकसर नको

हलका कागद भुकटी सोडतो, ती ब्लेडखाली अडकते. पिन राहिलेला कागद आत गेला तर एका पानात ड्रमवर ओरखडा. अर्धे स्टिकर काढलेली शीट परत घालू नका, सुटलेला गोंद आत चिकटतो. ड्रमला बोट लावायचं नाही, स्पिरिटने पुसायचं नाही, आणि बाहेर काढला की लगेच काळ्या कागदात गुंडाळायचा. पावसाळ्यात रीम उघडी ठेवू नका.

एक वही घाला

शंभर पानी वही पुरते. ड्रम कुठल्या रंगाचा, कधी बसवला, तेव्हा काउंटर किती, कितीला पडला, कधी काढला, का काढला. ड्रमची किंमत भागिले निघालेली पानं, हा आकडा शेवटच्या रकान्यात. दोन ड्रम झाले की ओरिजिनल परवडतो, कंपॅटिबल परवडतो की भरलेला, हे तुम्हाला दुकानदार नाही, तुमची वही सांगेल.

माझा आजचा नियम साधा आहे. प्रत्येक रंगीत प्रिंटमागे एक रुपया वेगळ्या डब्यात. ड्रम जायचा तेव्हा जातोच, पण आता पैसे डब्यातून जातात. भिशीचे पैसे घरातच राहतात.

आज दुकान वाढवायच्या आधी एक काम करा. मशीनमधून काउंटरचा रिपोर्ट काढा. त्यात रंगीत पानं किती ते बघा आणि गल्ल्यात रंगीतचे पैसे किती पानांचे आले ते शेजारी लिहा. या दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढी पानं तुमच्या ड्रमने फुकट छापली.