स्टोअरची शिल्लक कोणाची खरी?

स्वयंचलित साठवणुकीच्या यंत्राचं कोटेशन आलं की त्यात कुठेतरी शेवटी एक ओळ हमखास असते: 'ईआरपीशी जोडणी', म्हणजे कंपनीचा हिशेब आणि नियोजन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणी. यंत्राची उंची, ट्रेची वजन पेलण्याची क्षमता, मोटर, वॉरंटी यांवर पानंच्या पानं आणि जोडणीला एक ओळ. त्यामुळे मालकापासून खरेदी विभागापर्यंत सगळ्यांचा समज होतो की यंत्र बसलं, नेटवर्कची केबल लागली की दोन्हीकडची सॉफ्टवेअर आपसात बघून घेतील. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं ते याच ओळीसाठी.

स्वयंचलित साठवणूक आणि ईआरपी ही दोन क्षेत्रं मुळात वेगवेगळी वाढली. उंच रॅकचं स्वयंचलित गोदाम जर्मनीतल्या ग्युटर्सलोह इथे बेर्टेल्समान या प्रकाशन कंपनीसाठी १९६२ साली उभं राहिलं. ईआरपी सॉफ्टवेअर बनवणारी सॅप ही कंपनी त्याच देशात स्थापन झाली ती १९७२ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. एकाला माल हलवायचा होता, दुसऱ्याला हिशेब ठेवायचा होता.

आजही कामाची वाटणी तीच आहे. माल किती, कोणत्या दराचा, कोणत्या ऑर्डरसाठी राखून ठेवलेला, हे ईआरपी सांगते. तो कोणत्या ट्रेच्या कोणत्या कप्प्यात आहे, हे गोदामाचं सॉफ्टवेअर, म्हणजे डब्ल्यूएमएस सांगतं. त्याखाली मोटर आणि सेन्सर सांभाळणारा पीएलसी हा नियंत्रक असतो. आयएसए-९५ या मानकात हेच थर मांडलेले आहेत: वर व्यवसायाचं नियोजन, मध्ये कारखान्याचं रोजचं कामकाज, खाली यंत्रांचं नियंत्रण. वरच्या थराला दिवसांचा आणि पाळ्यांचा हिशेब पुरतो, तळाला सेकंदाच्या अंशात निर्णय लागतो. म्हणून 'ईआरपीच यंत्र चालवेल' ही अपेक्षा चुकीची आहे. ईआरपीने फक्त काय हवं ते सांगायचं. ते कसं आणायचं, हे खालच्यांनी ठरवायचं.

दुसरा समज जास्त महाग पडतो. यंत्र आलं की साठ्यातल्या चुका आपोआप मिटतील, असं अनेकांना मनापासून वाटतं. निकोल डेहोरेशस आणि अनंत रमन या संशोधकांनी एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार साठा-नोंदी तपासल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. दुकान आणि कारखाना यांत फरक आहे, हे खरं. पण संगणकावरचा आकडा आणि रॅकवरचा माल किती सहज फारकत घेतात, हे त्यातून स्पष्ट दिसतं. यंत्रात चुकीचा आकडा भरला तर यंत्र तोच आकडा जपून ठेवणार आणि फार वेगाने पुढे पाठवणार.

सुट्या भागांच्या एखाद्या कारखान्यातली रात्रपाळी घ्या. स्टोअरकीपर इश्यू स्लिपवरचा बारकोड स्कॅन करतो. उभ्या यंत्रातली लिफ्ट सरकते, नेमका ट्रे ओढून खिडकीशी आणते. लेझरचा लाल ठिपका एका कप्प्यावर पडतो आणि डिस्प्लेवर आकडा येतो: ४०. कप्प्यात बेअरिंग आहेत ३८. स्क्रीनवर नुसतं 'ओके'चं बटण असेल, तर तो ओके दाबणार, कारण लाइनवर माणसं थांबलेली आहेत. ईआरपीत ४० वजा होतात, लाइनवर ३८ पोचतात आणि ही दोनची तूट पुढे महिनाअखेरच्या मोजणीत कुणाच्या तरी नावावर पडते. तेच '३८ मिळाले' असं नोंदवायची सोय असेल, तर कमी भरलेल्या मालाचा निरोप तत्काळ वर जातो, त्या कप्प्याची फेरमोजणी लागते आणि दोन बेअरिंग कमी आहेत हे प्लॅनिंगला त्याच रात्री कळतं. यंत्र दोन्हीकडे सारखंच. फरक पडतो तो कमी माल निघाला तर काय करायचं, हे आधी ठरवल्याने. जोडणीचं निम्मं काम अशा अडचणीच्या प्रसंगांचं असतं आणि प्रात्यक्षिकात नेमकं तेच दाखवलं जात नाही.

एककांचंही तसंच. खरेदी पेटीत होते, बीओएममध्ये, म्हणजे उत्पादनाला लागणाऱ्या भागांच्या यादीत, नग असतात. जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, नुसतं '२०' लिहिलं तर वीस पेट्या की वीस नग, हे जुन्या स्टोअरकीपरला पाहताक्षणी कळायचं. यंत्राला ते मास्टर डेटातून सांगावं लागतं. वस्तूचं वजन आणि मापंही यंत्राला लागतात, पण हे रकाने बऱ्याच कारखान्यांत वर्षानुवर्षं रिकामे राहिलेले असतात, कारण तोवर त्यांची गरजच पडलेली नसते. हजारो पार्टकोडची ही सफाई यंत्र येण्याच्या आधी करायची असते आणि तिला वेळ लागतो.

'सॉफ्टवेअर नामांकित आहे, म्हणजे आपला भार पेलेल' हाही भरवशाचा आधार नाही. अमेरिकेतली फॉक्समेयर ही औषधांची वितरक कंपनी. ती उत्पादक नव्हती, पण जोडणीच्या इतिहासात तिचं उदाहरण टाळता येत नाही. १९९३ मध्ये तिने सॅपचं आर/३ हे ईआरपी घेतलं आणि जोडीला ओहायोतल्या नव्या गोदामासाठी पिनॅकल या कंपनीची स्वयंचलित यंत्रणा. दोन नवी सॉफ्टवेअर, दोन वेगळे पुरवठादार, आणि जुळवाजुळव एकाच वेळी. जुना मेनफ्रेम एका रात्रीत सुमारे ४ लाख २० हजार ऑर्डरी उरकत असे. नवी प्रणाली सुमारे १० हजारांवर अडखळली, असं त्या काळच्या वृत्तांतांत नोंदलेलं आहे. त्यातच जुनी गोदामं बंद होणार म्हणून तिथली अनुभवी माणसं सोडून गेली. ऑगस्ट १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं एकापेक्षा जास्त होती, पण भाराची पुरेशी चाचणी आधी झाली असती तर धोका वेळेत दिसला असता.

मग सगळं एकाच दिवशी सुरू केलं तर? चॉकलेट बनवणाऱ्या हर्शीने जुलै १९९९ मध्ये ते करून पाहिलं. सॅप, सीबेल आणि मॅन्युजिस्टिक्स या तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकदम चालू झाली, तीही हॅलोविनच्या मागणीच्या तोंडावर. प्रकल्पाचा खर्च सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर. त्या हंगामात सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. माल तयार नव्हता असं नाही. नंतरच्या विश्लेषणांत एक साधी गोष्ट पुढे आली: हंगामात जादा माल ठेवायला वापरलेल्या भाड्याच्या आणि तात्पुरत्या जागा नव्या सॉफ्टवेअरमध्ये साठवणुकीच्या जागा म्हणून नोंदलेल्याच नव्हत्या. जिथे चॉकलेट होतं, ती जागा संगणकाच्या लेखी नव्हतीच.

सगळं 'रिअल टाइम'च हवं, हा आग्रहही तपासून घ्यावा. लाइनला लगेच लागणारा माल काढायचा असेल तर निरोप क्षणात जायला हवा. वस्तूंच्या यादीतले बदल रात्रीतून एकदा गेले तरी चालतात. उभ्या ट्रे-यंत्रांची बरीच सॉफ्टवेअर साध्या फाइलची देवाणघेवाणही स्वीकारतात, त्यामुळे ही गोष्ट फक्त मोठ्या कंपन्यांची, असंही नाही. लहान कारखान्याने आवक आणि जावक या दोनच व्यवहारांपासून सुरुवात केली तरी हिशेबात लक्षणीय फरक पडतो.

आणि ईआरपीचा सर्व्हर बंद पडला की यंत्रही बंद, ही भीती रचना चुकली असेल तरच खरी. आधी आलेल्या मागण्या डब्ल्यूएमएसच्या रांगेत असतात. त्या निघत राहतात आणि जोडणी परतल्यावर त्यांच्या नोंदी वर जातात. खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यावी लागते. मागणी खाली गेली, पोच मात्र वाटेत हरवली, म्हणून ईआरपीने तीच मागणी पुन्हा पाठवली, तर माल दोनदा निघू शकतो. प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक असेल, तर यंत्र दुसरी प्रत ओळखून बाजूला ठेवतं. हे तपासणं सोपं आहे. यंत्र ताब्यात घेण्याच्या दिवशी, पुरवठादाराचा माणूस समोर असताना, मागणी चालू असतानाच नेटवर्कची केबल काढायची, पाच मिनिटांनी परत लावायची, आणि ट्रेमधला माल, डब्ल्यूएमएसची शिल्लक आणि ईआरपीची शिल्लक हे तीन आकडे एकाच कागदावर लिहून घ्यायचे. ते जुळले की मगच शेवटच्या हप्त्याचा चेक द्यायचा.