मनाचा आजार, पोलीस ठाणे आणि कोर्ट : घरच्यांना काय माहीत हवं?

घरातला तरुण मुलगा रात्रभर जागतो, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं म्हणतो आणि एक दिवस शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातो. शेजारी पोलिसांना फोन करतात. अशा वेळी घरच्यांना दोन गोष्टींची भीती असते, लॉकअपची आणि बदनामीची. बदनामीला घाबरून आपण आजाराबद्दल गप्प बसतो. मुलाचं खरं नुकसान याच गप्प बसण्यानं होतं.

पोलिसांची जबाबदारी

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं कलम १०० आपण लक्षात ठेवायला हवं. मानसिक आजारामुळे कुणी रस्त्यावर भटकत असेल आणि त्याला स्वतःची काळजी घेता येत नसेल, किंवा त्याच्यापासून स्वतःला वा इतरांना धोका असेल, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं असतं. लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. या कलमाखाली घेतलेल्या माणसाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. गरज वाटल्यास मॅजिस्ट्रेट त्याला तपासणीसाठी १० दिवसांपर्यंत मनोरुग्णालयात दाखल करायचा आदेश देऊ शकतात. महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत.

गुन्हा दाखल झाला तर?

मग फौजदारी कायदा लागू होतो, पण तिथेही डॉक्टरांचं मत लागतं. आरोपी स्वतःचा बचाव करू शकत नाही असं मॅजिस्ट्रेटला वाटलं, तर त्याची वैद्यकीय तपासणी होते. तसं सिद्ध झाल्यास खटला थांबवता येतो. दवाखान्यात भरती करायची गरज नसेल आणि नातेवाईकांनी नियमित उपचारांची व देखरेखीची हमी दिली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ नुसार जामीन मिळू शकतो. गुन्हा जामीनपात्र नसला तरीही.

मात्र "तो आजारी आहे" एवढं सांगून निर्दोष सुटका होत नाही. घटनेच्या वेळी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे आजारामुळे त्याला कळत नव्हतं, असं आरोपीच्या बाजूने दाखवावं लागतं. जुनी केस पेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या तेव्हा फार कामी येतात. पाच वर्षं आजार लपवलेल्या घराकडे दाखवायला काहीच नसतं.

आपण काय करायचं?

- डॉक्टरांचे सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवा.
- पोलीस आल्याबरोबर आजार आणि चालू औषधं सांगा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.
- मोफत वकील मागा. मानसिक रुग्णाचा तो हक्कच आहे आणि तो सांगणं पोलीस, मॅजिस्ट्रेट व तुरुंगाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. विधी सेवेचा नंबर १५१००.
- नातेवाईक तुरुंगात असेल तर तिथल्या डॉक्टरांना आजार लेखी कळवा. तुरुंगातही उपचार मिळायला हवेत.
- रुग्णाला साखळदंडाने बांधू नका. कायद्याने त्यावर बंदी आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळ्यांमुळे रुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले.
- सल्ल्यासाठी टेली-मानस १४४१६, मोफत आणि २४ तास.

दुआ जरूर करावी, सोबत दवाही हवी. आणि दवाची चिठ्ठी जपून ठेवायला हवी. उद्या कोर्टात तीच आपल्या मुलाच्या बाजूने बोलेल.