खिडकीमागचा माणूस

मोबाइलवर आपण बोट टेकवतो, तेव्हा पाठीमागे बऱ्याचदा काही दशकांपूर्वीचं सॉफ्टवेअर राबत असतं. त्याला वेबचा नवा चेहरा देतात म्हणजे नेमकं काय करतात?

१९९५च्या आसपासची गोष्ट. मे महिन्यात नागपूरला मामाकडे जायचं म्हणून मी बाबांबरोबर कल्याणच्या आरक्षण खिडकीसमोर रांगेत उभा होतो. दोन तासांनी नंबर लागला. बाबांनी फॉर्म आत सरकवला. क्लार्कने त्यावरून नजर फिरवली, कीबोर्डवर खटाखट काही अक्षरं मारली आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "कल्याणहून वेटिंग आहे. व्हीटीपासून काढू का? बोर्डिंग कल्याण टाकतो. थोडे पैसे जास्त पडतील, पण बर्थ मिळतील." बाबा म्हणाले, "काढा."

तो पडदा मला तिरका दिसत होता. काळ्या काचेवर चमकणारी अक्षरं आणि आकडे, बाकी काही नाही. आम्हाला ते गारुडच वाटलं. गाडीचं नाव सांगितलं की क्लार्क तिचा क्रमांक टाकायचा, गावाचं नाव सांगितलं की त्याचा संक्षेप. मधल्या स्टेशनाचा कोटा तुटपुंजा असतो, गाडी सुटते तिथला मोठा, हे त्याला पाठ होतं. संगणक होता, पण आमचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता. आमच्या आणि त्याच्या मधला दुभाषा म्हणजे तो क्लार्क.

पुढे वेब आलं आणि हा दुभाषा मधून उठला. जुन्या संगणक यंत्रणांच्या 'आधुनिकीकरणा'ची सगळी कथा त्या रिकाम्या खुर्चीभोवती फिरते.

ऐंशी रकान्यांचं जग

मोठ्या संस्थांची संगणकीय कामं ज्या यंत्रांवर उभी राहिली, ती मेनफ्रेम. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम/३६०' जाहीर केली तेव्हा त्यामागचा विचार असा होता की, ग्राहकाने छोटं यंत्र बदलून मोठं घेतलं तरी त्याचे प्रोग्राम तसेच चालावेत. ही परंपरा कंपनीने इतकी सांभाळली, की त्या घराण्यातल्या आजच्या यंत्रांवरही कित्येक दशकांपूर्वीचे कोबोल भाषेतले प्रोग्राम चालू शकतात. १९६९मध्ये 'सीआयसीएस' नावाने ओळखलं जाणारं सॉफ्टवेअर आलं आणि एकाच वेळी अनेक टर्मिनलांवरून व्यवहार करणं सोपं झालं. १९७१मध्ये '३२७०' हे टर्मिनल आलं. त्याच्या प्रचलित पडद्यावर २४ ओळी आणि ८० रकाने असत. हे ८० आले कुठून? आयबीएमच्या १९२८च्या पंचकार्डावर ८० रकाने होते, तिथून. कार्डं गेली, रकाने राहिले.

मेनफ्रेमची खासियत वेगापेक्षा शिस्तीत आहे. लाखो व्यवहार, एकेक पैशाचा हिशेब आणि वीज गेली तरी अर्धवट नोंद राहू न देण्याची खबरदारी. म्हणूनच बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती त्यांना सोडायला धजत नाहीत. शिवाय त्या कोबोलमध्ये निव्वळ गणित नसतं. अमुक सालच्या पॉलिसीला तमुक सवलत, कायदा बदलण्याआधीच्या खातेदारांना वेगळा नियम, असे चार-पाच दशकांचे निर्णय त्यात मुरलेले असतात. ज्यांनी ते लिहिले ते कधीच निवृत्त झाले, आणि नियमांची कागदी फाइल सापडतेच असं नाही. प्रोग्राम हीच फाइल.

या फायली सांभाळण्यात मराठी माणसांचाही हात आहे. वर्ष २०००च्या 'वायटूके'च्या धांदलीत तारखांमधले सालाचे दोन आकडी रकाने तपासायला मुंबई-पुण्यातली कितीतरी मुलं या क्षेत्रात आली. त्यांच्यानंतरच्या पिढीत मात्र 'मेनफ्रेम प्रोजेक्ट' मिळाला की तोंड वाकडं करायची रीत पडली. मित्र जावा शिकतायत आणि आपण आजोबांच्या वयाच्या भाषेत अडकलो, हे दुखणं हिंजवडीच्या चहाच्या टपरीवर अनेकांनी ऐकलं असेल.

नवी खिडकी बसवण्याच्या तऱ्हा

जुनं यंत्र हलवायचं नाही आणि ग्राहकाला मात्र घरबसल्या सेवा द्यायची, यासाठी पहिली तऱ्हा निघाली ती सोंगाड्याची. इंग्रजी नाव 'स्क्रीन स्क्रेपिंग', म्हणजे पडदा खरवडून घेणं. मधे एक प्रोग्राम बसवायचा. तो मेनफ्रेमला म्हणतो, मी टर्मिनल आहे. मेनफ्रेम नेहमीचा पडदा पाठवते. हा प्रोग्राम 'सातव्या ओळीत विसाव्या रकान्यापासून दहा अक्षरं म्हणजे शिल्लक' असं मोजून माहिती उचलतो आणि रंगीत वेबपानावर मांडतो. मेनफ्रेमला पत्ताच नसतो, की समोर माणूस नाही. काम झटपट होतं. पण उद्या कुणी त्या पडद्यावर एक सूचना वाढवली आणि शिल्लक एक ओळ खाली सरकली, की सोंग उघडं पडतं. माणसाची नजर आपोआप खाली सरकली असती, प्रोग्रामची सरकत नाही.

दुसरी तऱ्हा अधिक सरळ आहे. पडद्याचा नाद सोडायचा आणि आतलं काम करणाऱ्या प्रोग्रामलाच बाहेरून हाक मारता येईल अशी सोय करायची. हीच वेब सर्व्हिस. तिला इतर यंत्रांसाठी उघडलेलं काउंटर म्हणता येईल. ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचं. आधी हे नमुने एक्सएमएलमध्ये असत, आता बहुतेक ठिकाणी सुटसुटीत जेसन असतं. २००५च्या आवृत्तीपासून 'सीआयसीएस'मध्येच ही सोय आली. कोबोलमधल्या नोंदीचा आराखडा ज्यात लिहिलेला असतो त्याला कॉपीबुक म्हणतात. ते वाचून एक साधन दोन्ही बाजूंचा तर्जुमा करून देतं.

हा तर्जुमा अगदी अक्षरापासून करावा लागतो. वेबच्या जगात इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५ आहे, आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९३. नावांची अडचण आणखी वेगळी. जुन्या नोंदीत नावाला वीस रकाने असतील, तर ज्ञानेश्वर पुरुषोत्तम कुलकर्णी हे नाव रोमन लिपीत 'ज्ञानेश्वर पुरुषोत'वर येऊन थांबतं आणि कुलकर्णी गायब होतात. वेबपानावरची चौकट कितीही ऐसपैस असो, आतली पेटी तेवढीच. रकाना वाढवायचा म्हटलं तर तो जिथे जिथे वाचला जातो ती प्रत्येक जागा शोधावी लागते. २० डिसेंबर २०१० रोजी आपल्या रेल्वेगाड्यांचे क्रमांक चार आकड्यांचे पाच आकडी झाले. प्रवाशाच्या दृष्टीने पुढे एक आकडा लागला. आरक्षण, तक्ते, चौकशी हे सगळं सांभाळणाऱ्यांसाठी तो प्रत्येक ठिकाणी लागला.

रेल्वेची गोष्ट

रेल्वे आरक्षणाची यंत्रणा मेनफ्रेमवर उभी राहिली नाही, ती उभी राहिली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स जातीच्या यंत्रांवर. पण जुन्या घराला नवी खिडकी बसवण्याचं इतकं सर्वपरिचित उदाहरण दुसरं नाही. १५ नोव्हेंबर १९८५ रोजी दिल्लीत 'इम्प्रेस' ही प्रायोगिक यंत्रणा सुरू झाली. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचं आरक्षण मिळावं, हा तिचा हेतू. पुढे 'क्रिस' या रेल्वेच्याच संस्थेने 'कॉन्सर्ट' हे सॉफ्टवेअर तयार केलं आणि १९९९मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली.

३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली. तेव्हाचं तिकीट आठवतं? पैसे ऑनलाइन भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं. खिडकी अर्धीच हलली होती. घरी छापता येणारं ई-तिकीट २००५मध्ये आलं. या सगळ्यात जागांचा हिशेब मात्र पाठीमागच्या जुन्या यंत्रणेकडेच राहिला. त्याची खूण आजही दिसते. वेबसाइट म्हणजे चोवीस तास उघडं दुकान, असं आपण धरून चालतो, पण इथलं आरक्षण रात्री पावणेबारा ते बारा वीस या वेळात बंद असतं. त्या वेळात आतल्या घरात झाडलोट चालते, आणि घर बंद तर खिडकीही बंद.

क्लार्क काय काय करायचा

आता त्या रिकाम्या खुर्चीकडे येऊ. पैसे हातात घेणं आणि तिकीट देणं ही दोन कामं क्लार्क एकाच जागी करायचा. मशीन अडलं तर पैसे परत तुमच्या हातात. वेबवर पैसे बँकेच्या यंत्रात, जागा आरक्षणाच्या यंत्रात आणि दोघांमध्ये वेबसाइट, असे तीन घरचे तीन पाहुणे. बँकेने पैसे कापले आणि तेवढ्यात मधला निरोप हरवला तर? पैसे गेले, तिकीट नाही, हा ऑनलाइन व्यवहारांतला सार्वत्रिक अनुभव. मग प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो, दोन्हीकडच्या वह्या ताडून पाहाव्या लागतात, ग्राहकाने घाबरून दोनदा बटण दाबलं तरी व्यवहार एकच धरावा लागतो. क्लार्क हे सगळं निव्वळ गिऱ्हाईक समोर उभं असल्यामुळे करत होता.

दुसरं काम त्याच्या नकळत व्हायचं. तो गर्दी अडवून धरायचा. खिडकीवर एका वेळी एक माणूस, त्यामुळे यंत्रावर किती भार येणार हे खिडक्या मोजून सांगता यायचं. वेबवर ती रांगच उरली नाही. सकाळी दहाला वातानुकूलित वर्गाचं तत्काळ उघडतं तेव्हा अख्खा देश एकाच क्षणी आत डोकावतो. आणि घेण्यापेक्षा बघण्याचीच गर्दी जास्त. जून २०२५मध्ये रेल्वेने सांगितलं, की यंत्रणेची क्षमता मिनिटाला ३२ हजार तिकिटांवरून दीड लाखावर नेली जाईल आणि चौकशीची ४ लाखांवरून ४० लाखांवर. म्हणजे तेव्हाच्या क्षमतेतच एका तिकिटामागे साडेबारा चौकशा धरल्या होत्या, आणि पुढच्या हिशेबात सुमारे सत्तावीस. खिडकीवर एवढ्या चौकशा केल्या असत्या तर मागच्या रांगेनेच हाकललं असतं.

हीच गोष्ट अमेरिकेत वेगळ्या रूपात घडली. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीमुळे बेकारभत्त्याचे अर्ज लोटले, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. सगळा दोष जुन्या भाषेच्या माथी गेला. नंतर इतिहासकार मार हिक्स यांनी लक्षात आणून दिलं, की अर्ज भरायची वेबसाइट जावात लिहिलेली होती आणि कोलमडली ती. घर उभं होतं, मोडली ती खिडकी.

मग सरळ नवं घर का नको?

जुनं पाडून एका रात्रीत नव्यात राहायला जाणं किती महागात पडतं, हे ब्रिटनच्या टीएसबी बँकेने दाखवलं. लॉइड्स समूहातून वेगळी झालेली ही बँक त्यांचीच जुनी यंत्रणा भाड्याने वापरत होती. एप्रिल २०१८मध्ये एका शनिवार-रविवारी सगळ्या ग्राहकांची माहिती नव्या यंत्रणेवर हलवली. माहिती पोचली, पण यंत्रणा गडगडली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपलंच खातं उघडता येईना. घडी पूर्ववत बसायला महिने लागले, मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले आणि डिसेंबर २०२२मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला.

म्हणून जाणकार हळूहळू बदलायला सांगतात. सॉफ्टवेअर क्षेत्रातले लेखक मार्टिन फाउलर यांनी ऑस्ट्रेलियात दुसऱ्या झाडावर रुजणारी वडाच्या जातीची झाडं पाहिली आणि २००४मध्ये त्यावरून या पद्धतीला नाव दिलं. आपल्याला हे पाहायला ऑस्ट्रेलियात जावं लागत नाही. पाखराने टाकलेलं वडाचं बी ताडाच्या डोक्यावर रुजतं, पारंब्या खाली उतरतात, आणि एक दिवस आत ताड आहे हे सांगावं लागतं. तसंच इथे. पुढे वेब सर्व्हिस ठेवायची, तिच्यामागून एकेक काम नव्या यंत्रणेकडे न्यायचं. बाहेरच्याला काउंटर तेच दिसतं. चुकलं तर ते एक काम परत जुन्याकडे वळवता येतं.

कधीतरी हे करावंच लागतं, कारण खिडक्या बसवत राहिल्याने पाया नवा होत नाही. रेल्वेची सध्याची आरक्षण यंत्रणा २०१०ची. ती इटेनियम सर्व्हरवर आणि 'ओपनव्हीएमएस' प्रणालीवर चालते. या प्रणालीचं मूळ १९७७चं, आणि इंटेलने इटेनियमची शेवटची खेप २०२१मध्ये पाठवली. सुटे भाग मिळेनासे होण्याआधी घर बदलणं हा शहाणपणा आहे.

फक्त हलताना पेट्यांबरोबर आठवणीही न्याव्या लागतात, आणि त्या साऱ्याच प्रोग्राममध्ये नसतात. अलीकडेच एका अॅपवर मी कल्याण ते नागपूर तिकीट शोधत होतो. वेटिंग ४३. खाली एक ओळ चमकली: आधीच्या स्टेशनापासून तिकीट काढल्यास जागा उपलब्ध, बोर्डिंग कल्याण ठेवता येईल. मी ती दोनदा वाचली. माहिती आतल्या यंत्राकडे पहिल्यापासून होती. ती न विचारता सांगायची असते, एवढंच वेबला शिकायला पंचवीस-तीस वर्षं लागली. त्या क्लार्कला कुणी कधी विचारलं असतं, की दिवसभर तुम्ही नेमकं काय काय करता, तर कदाचित लवकर जमलं असतं.