आपल्या टेम्पोला ऑटोमॅटिक गिअर बसेल का?



गटांच्या बैठकांना जातो तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. गटानं कर्ज काढून छोटा टेम्पो घेतलेला असतो. दूध, भाजी, पापड-लोणची बाजाराला न्यायची सोय होते. ड्रायव्हरचा पगार परवडत नाही, म्हणून गटातल्याच दोघी-तिघी लायसन काढतात. पण क्लच दाबून दाबून गुडघा दुखतो, गिअर पडताना कुरकुरतो, चढावर थांबलं की गाडी मागं सरकते. मग कुणीतरी सुचवतं, ‘शहरातल्या गाड्यांना असतो तसला ऑटोमॅटिक गिअर बसवून घ्या की. जुन्या बाजारात मिळतो, घरच्या घरी बसतो.’

ऐकायला बरं वाटतं. पण टेम्पो चार दिवस उभा राहिला, तर चार दिवसांचं दूध घरीच राहतं आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आज आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत. पहिली, हा गिअर घरी का बसत नाही. दुसरी, आहे त्याच गिअरचं काम घरच्या घरी कसं सुधारता येतं.

गिअर म्हणजे काय?

डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन टेकडी चढताना आपण सरळ वर जात नाही, नागमोडी पायवाट धरतो. पावलं जास्त पडतात, पण प्रत्येक पावलाला दम कमी लागतो. पहिला गिअर म्हणजे ही नागमोडी वाट. इंजिन खूप फिरतं, चाक हळू फिरतं, पण चाकाला जोर भरपूर मिळतो. वरचा गिअर म्हणजे सपाट रस्ता. तिथं जोर कमी लागतो, म्हणून वेग मिळतो.

आणि ऐका, चढाचा गिअर मोटारीत यायला एका बाईची गोष्ट जोडलेली आहे. 1888 साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्यानं बनवलेली मोटार चालवत माहेरी निघाली. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर होतं आणि तोवर एवढा लांबचा प्रवास मोटारीनं कुणीच केला नव्हता. चढ आला की गाडीला जोर पुरेना. मुलांना उतरून ढकलावं लागलं. उतारावर ब्रेक झिजले, तेव्हा तिनं वाटेत एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक कमी वेगाचा गिअर हवा. कुठं अडतंय हे चालवणारीला कळलं, ते बनवणाऱ्याला कळलं नव्हतं. म्हणून ‘आम्हाला मशीनमधलं काय कळतं’ असं कुणी म्हणू नका.

क्लच आणि ऑटोमॅटिक

इंजिन सतत फिरत असतं. गिअर बदलायचा, तर इंजिन आणि गिअरबॉक्स क्षणभर वेगळे करावे लागतात. ते काम क्लच करतो. आत एकमेकींवर दाबून बसलेल्या चकत्या असतात. पेडल दाबलं की त्या सुटतात, सोडलं की चिकटतात. पेडल अर्धवट दाबून ठेवलं, तर त्या धड सुटत नाहीत, धड चिकटत नाहीत, नुसत्या घासतात. आत्ता दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात चोळून बघा. गरम झाले ना? क्लच प्लेटचं तसंच होतं. आपलं आजचं सगळं बोलणं या उष्णतेभोवतीच फिरणार आहे.

ऑटोमॅटिकचे मुख्य दोन प्रकार समजून घेऊ. पहिल्यात क्लचच्या पेडलाऐवजी तेलानं भरलेलं एक भांडं असतं. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. तसंच इथं वाऱ्याऐवजी तेल जोर पोचवतं. अमेरिकेत गाड्यांमध्ये हा प्रकार 1939-40 पासून विकला जातो आणि तिथल्या पिकअप ट्रकना तो सर्रास असतो. तिथं ज्यांना जड ट्रेलर ओढायचे असतात, ते लोक गिअरच्या तेलासाठी जादा कूलर बसवतात. म्हणजे तिथंही सुधारणेची सुरुवात कुठून होते? उष्णता कमी करण्यापासून!

दुसरा प्रकार आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत आहे. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून तो सगळ्यांना माहीत झाला. यात गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट आपल्या गाडीसारखीच असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्याऐवजी यंत्र करतं, आणि त्या यंत्राला हुकूम एक छोटा संगणक देतो.

आता आपल्या टेम्पोचा विचार करा. यातला कुठलाही प्रकार बसवायचा, तर नुसता डबा बदलून भागत नाही. त्याचा संगणक, वायरिंग, इंजिनाला जोडणारा भाग, चेसीवर बसायचे टेकू, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची लांबी, सगळंच जुळवावं लागतं. इंजिनाचा जोर आणि गिअरचा हिशेब जुळला नाही, तर भरलेली गाडी चढावर उभी राहते.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या गोष्टींशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. टेम्पो गटाचा आहे, म्हणजे त्याचं उत्तर गटालाच द्यावं लागेल.

सगळ्यात मोठी गोष्ट जिवाची. गिअरबॉक्स काढायचा म्हणजे गाडीखाली शिरून जड लोखंड उतरवायचं. जॅक चाक बदलण्यासाठी असतो, खाली माणूस झोपण्यासाठी नाही. जॅकवर तोललेल्या गाडीखाली तुम्ही जाऊ नका, मुलांनाही जाऊ देऊ नका.

घरी काय करायचं?

पहिलं काम वजनाचं. आरसी बुकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. समजा भरलेलं 1,550 किलो आणि रिकामं 850 किलो. फरक 700 किलो. यात चालवणारी आणि शेजारी बसणारी पण आली. दोघींचे 120 किलो धरले, तर मालासाठी 580 किलो उरतात. कांद्याची गोणी 50 किलोची असेल, तर 11 गोण्या. बारावी नाही! तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते काढा आणि खडूनं हौद्याच्या फळीवर आतून लिहून ठेवा. व्यापारी ‘अजून दोन टाका’ म्हणाला की तिकडं बोट दाखवा. वजन वाढलं की क्लच जास्त घासतो, तेल जास्त तापतं, ब्रेकही कमी पडतात. शिवाय जादा वजनाला कायद्यात 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये आहेत.

दुसरं काम सवयीचं. डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नका. नुसत्या टेकण्यानंही चकत्या थोड्या सुटतात आणि घासायला लागतात. गिअर टाकून झाला की पाय बाजूला घ्या. चढावर थांबायचं असेल, तर अर्ध्या क्लचवर गाडी तोलू नका, हँडब्रेक ओढा. निघताना पहिला गिअर टाका, क्लच हळू सोडा, गाडी पुढं ओढ घेऊ लागली की मग हँडब्रेक सोडा. गाडी मागं सरकणार नाही. याचा सराव आधी रिकाम्या गाडीवर, मोकळ्या जागी करा. रिव्हर्स टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबू द्या. घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये तो घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.

तिसरं काम रोज सकाळचं, दोन मिनिटांचं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर तेलाचा डाग आहे का बघा. इंजिनचं तेल आणि गिअरचं तेल वेगळं असतं. गिअरचं तेल दाट असतं आणि त्याला उग्र, गंधकासारखा वास येतो. डाग गाडीच्या कुठल्या भागाखाली पडला ते लक्षात ठेवा, मिस्त्रीचं अर्धं काम तिथंच होतं.

चौथं काम क्लचच्या पेडलाचं. इंजिन बंद करून पेडल हातानं हळू दाबा. सुरुवातीला थोडं हलकं जातं, मग जड लागतं. त्या हलक्या भागाचं माप गाडीच्या पुस्तिकेत असतं. पट्टी लावून मोजा. हलका भाग उरलाच नसेल, तर क्लच सतत थोडा दाबलेलाच राहतो आणि झिजतो. फार जास्त असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कुरकुरतो. केबलचा क्लच असेल, तर मिस्त्री थोड्या वेळात ते माप बसवून देतो. गुडघा दुखण्याचं कारणही कित्येकदा कोरडी किंवा झिजलेली केबल असते. बदललेली केबल आणि नीट बसवलेलं माप, ही आपल्या पायाला मिळणारी खरी सुधारणा.

गॅरेजवर काय सोडायचं?

तीन खुणा लक्षात ठेवा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही. चढावर जळका वास येतो. चालता चालता गिअर आपोआप निसटतो. यातलं काहीही दिसलं, तर पुढच्या बाजारापर्यंत थांबू नका.

गॅरेजात गेल्यावर गप्प बसून राहू नका. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, मजुरी मुख्यतः त्याचीच असते. म्हणून प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तपासायला सांगा. झिजलेलं असेल, तर एकाच वेळी बदला, म्हणजे चार महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा पडत नाही. गिअरचं तेल पुस्तिकेत लिहिलंय त्याच नंबरचं घाला, डबा समोर फोडायला लावा. जुनं तेल काढताना त्याच्या बोल्टाला असलेल्या लोहचुंबकावर काय चिकटलंय ते बघा. काजळासारखा बारीक लेप असेल, तर ती रोजची झीज. पण लोखंडाचे तुकडे किंवा कपच्या दिसल्या, तर आतला दाता तुटतोय. जुने सुटे भाग आणि बिल मागून घ्या. क्लचमधली धूळ कुणी फुंकर मारून उडवत असेल, तर लांब उभ्या राहा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला वाईट.

हे सगळं बचतीच्या वहीसारखंच एका वहीत लिहा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. हप्त्याबरोबर दर महिन्याला थोडी रक्कम टेम्पोच्या नावानं बाजूला टाका. गाडी विकायची वेळ आली, तर हीच वही दाखवून चांगला भाव मागता येतो.

तरीही क्लच नकोच असेल, तर पुढची गाडी घेताना तो विचार करा. विजेवर चालणाऱ्या छोट्या टेम्पोत क्लच नसतो आणि गिअर बदलावाही लागत नाही. तुमच्या रस्त्याला, अंतराला आणि चार्जिंगच्या सोयीला ती बसते का, हे भरलेली गाडी तुमच्याच चढावर चालवून बघा.

एक शंका नेहमी येते, ती सांगून थांबतो. गटातल्या ज्या तायांकडे हलक्या मोटारीचं लायसन आहे, त्यांना मालाचा छोटा टेम्पो चालवता येतो का? येतो. गाडीचं भरलेलं वजन 7,500 किलोपर्यंत असेल, तर वेगळी परवानगी लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे.

तर येत्या बैठकीला आरसी बुक, गाडीची पुस्तिका आणि एक पट्टी घेऊन या. आधी वजनाचा हिशेब करा, मग पेडल मोजा. टेम्पो न चालवणाऱ्या सगळ्याजणींनाही जवळ बोलवा. हप्ता त्याही भरतात.