रबर आधी संगणकात फाटू द्या

ताणलेल्या रबराला विद्युतभार दिला की ते लांबतं, हे भौतिकशास्त्रज्ञ राँटगेन यांनी १८८० मध्येच दाखवलं होतं. २००० साली अमेरिकी संशोधकांनी याच तत्त्वावर पातळ पडदे दुपटीहून जास्त ताणले. मग अशा पडद्यांचे कृत्रिम स्नायू सर्रास का दिसत नाहीत? व्होल्टेज लावलं की पडदा चेपतो, चेपला की तेवढ्याच व्होल्टेजला विद्युतक्षेत्र आणखी तीव्र होतं, दाब त्याच्या वर्गाने वाढतो आणि शेवटी पडदा सुरकुततो किंवा त्याला भोक पडतं. हा क्षण साध्या सूत्रानेही निघतो, मग संगणक कशाला, हा आक्षेप रास्तच. पण सूत्र सपाट, एकसारख्या पडद्याचं. खऱ्या उपकरणाला कडा असतात, वळणं असतात, आणि रबर आळशीही असतं, हळूहळू ताणलं जात राहतं. तिथे संगणकावर लहान तुकड्यांत मांडलेलं गणितच, म्हणजे सिम्युलेशन, लागतं. अर्थात रबराचे गुणधर्म प्रयोगशाळेतच मोजावे लागतात. ते चुकले तर सिम्युलेशन घातक व्होल्टेजलाही बिनधास्त हिरवा कंदील दाखवतं.