युरोच्या नोटेवरचा लाल उजेड नक्की कुणाचा?

युरोची नोट अतिनील दिव्याखाली धरली की तिच्यावर काही ठिकाणी लाल उजेड दिसतो. युट्रेक्ट विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००२ मध्ये त्याचा वर्णपट तपासला आणि हा उजेड सेंद्रिय रेणूंनी वेढलेल्या युरोपियम या धातूचा असावा, असा निष्कर्ष काढला. युरोपच्या नोटेत युरोपियम, हा योगायोग इतका गोड की सगळं श्रेय धातूच्याच पदरात पडलं. हा हिशेब चुकीचा आहे. युरोपियमचा आयन प्रकाश शोषण्यात कमालीचा कंजूष, कारण त्याच्या ‘४एफ’ इलेक्ट्रॉनांच्या उड्यांवर पुंजभौतिकीचे कडक निर्बंध आहेत. अंगणात ठेवलेल्या अरुंद तोंडाच्या कळशीसारखं त्याचं आहे. धो धो पाऊस पडला तरी थेट तिच्यात जाणार चार थेंब. त्याला वेढणारे रेणू, म्हणजे लिगँड, त्याच्या हजारो पट प्रकाश शोषतात आणि ती ऊर्जा त्याच्याकडे सोपवतात. पाऊस झेलतं छप्पर, पन्हळीतून भरते कळशी.

हे प्रयोगातून दाखवणाऱ्या सॅम्युएल वाइसमन यांचं नाव आज तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसं ऐकू येत नाही. १९४२ मध्ये त्यांनी युरोपियमची संकुलं (म्हणजे लिगँडांनी वेढलेला धातू) घेतली, सेंद्रिय भाग शोषेल असाच प्रकाश त्यांच्यावर टाकला, आणि बाहेर आल्या त्या युरोपियमच्या बारीक, रेखीव वर्णरेषा. एकाने गिळलं, दुसऱ्याने उधळलं! यावर कुणी म्हणेल, जुन्या रंगीत टीव्हीच्या पडद्यात युरोपियम होतं, तिथे कुठे होते सेंद्रिय लिगँड? नव्हते खरे. पण पडद्यातल्या, युरोपियम मिसळलेल्या इट्रियम व्हॅनाडेटच्या स्फटिकावर अतिनील प्रकाश टाकला, तर तो आधी व्हॅनाडेट शोषतं आणि मग ऊर्जा युरोपियमकडे जाते. छप्पर कौलांचं नसेल, पत्र्याचं असेल; पण आहेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. युरोपियमच्या जागी टर्बियम हा त्याचा भाऊबंद धातू आला की उजेड हिरवा होतो, मग रंग तरी धातूचाच ना? हे मान्यच. ‘४एफ’ इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आडोशाला असल्याने लिगँड बदलला तरी युरोपियमची ६१२ नॅनोमीटरजवळची रेषा फारशी हलत नाही. पण तो रंग दिसणार की नाही, हे लिगँडच ठरवतो. छपराची कड कळशीच्या तोंडापेक्षा उंच हवी, तसा लिगँडचा त्रिक ऊर्जास्तर (जिथून तो ऊर्जा पुढे देतो) धातूच्या स्तराच्या पुरेसा वर हवा. डायबेन्झॉइलमिथेन नावाचा लिगँड युरोपियमला छान उजळवतो. टर्बियमचा स्तर मात्र जवळजवळ त्याच्याच उंचीवर असल्याने ऊर्जा उलटी परतते आणि हिरवा उजेड मिणमिणतो. गॅडोलिनियम या तिसऱ्या धातूची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा पहिलाच उत्तेजित स्तर इतका उंच की लिगँडची ऊर्जा तिथवर पोचतच नाही. अशा संकुलाला कडाक्याच्या थंडीत ठेवलं की खुद्द लिगँड मंद प्रकाशतो, आणि रसायनशास्त्रज्ञ त्या उजेडावरून छपराची उंची मोजून घेतात.