बंद खिडकीतून पाणी आत कसं येतं?

रत्नागिरीजवळच्या सड्यावर माझ्या एका शिक्षक मित्राने घर बांधलं. समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेला मोठ्या सरकत्या खिडक्या बसवल्या. पहिल्याच जुलैत, खिडक्या बंद असतानाही, खोलीत तळं साचलं. कपाटाच्या खालच्या खणातली पुस्तकं भिजली. फटी बुजवल्या, तरी पाणी येतच राहिलं. असं का व्हावं?

सड्यावर वारा अडवायला झाड नाही, टेकडी नाही. पावसाळी वारा थेंबांना तिरपं करून भिंतीवर फेकतो. हीच झड. वारा भिंतीशी अडला की तिथे हवेचा दाब वाढतो. हा जादा दाब म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम. म्हणून दाब झाला १.२ × ४०० ÷ २, म्हणजे २४० पास्कल. एवढा दाब पाण्याला सुमारे २४ मिलिमीटर वर उचलून धरतो.

हे वर्गात करून पाहता येईल. पारदर्शक नळी इंग्रजी 'यू'सारखी वाकवून अर्धी रंगीत पाण्याने भरा. एका टोकातून अगदी हलकेच फुंका. दोन्ही पातळ्यांत २४ मिलिमीटरचा फरक पडला, की समजा सड्यावरचा वारा वर्गात आला!

आता खिडकीकडे वळू. सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हळीत पावसाचं पाणी साचतं. ते बाहेर जावं म्हणून तिला भोकं असतात. पण बाहेरचा दाब २४ मिलिमीटरचा असेल, तर पन्हळीतलं पाणी भोकांच्या वर तेवढं चढल्याशिवाय बाहेर पडणार नाही. पन्हळीची आतली कड त्याहून बुटकी असली, तर पाणी कड ओलांडून खोलीत उतरणारच. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या वेगाला पाणी जवळजवळ ४७ मिलिमीटर चढतं.

मग उपाय काय? बाहेर उघडणारी झडप निवडावी. वारा तिला चौकटीवर आणखी घट्ट दाबतो. आत उघडणारी झडप मात्र तोच वारा चौकटीपासून दूर ढकलतो. खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार हवा. छज्जाच्या खालच्या अंगाला, काठाजवळ, लांबट खाच हवी. पेल्यातून पाणी सावकाश ओतलं तर ते पेल्याला चिकटून खाली ओघळतं, तसंच ते छज्जाखालून भिंतीकडे सरकतं. खाचेपाशी ते तुटून थेंब खाली पडतात.

कोकणात पावसाआधी पडवीला नारळाच्या झापांचा आडोसा बांधतात. त्यात फटी असूनही भिंत कोरडी राहते. फटींतून हवा खेळते, म्हणून झापांच्या दोन्ही बाजूंना दाब जवळपास सारखाच राहतो. पाण्याला आत ढकलायला कोणी उरत नाही. ते झापांवरूनच निथळून जातं.

मित्राने पश्चिमेच्या खिडक्या लहान केल्या, बाहेर उघडणाऱ्या झडपा लावल्या आणि त्यांवर रुंद पडवी काढली. समुद्र आता पडवीतून दिसतो. पुस्तकं कोरडी आहेत.

तुमच्या शाळेत सरकत्या खिडक्या आहेत का? पन्हळीची आतली कड भोकांपासून किती उंच आहे, ते विद्यार्थ्यांना पट्टीने मोजू द्या. किती वेगाच्या वाऱ्यापर्यंत वर्ग कोरडा राहील, हे गणित त्यांनाच सोडवू द्या.